'द इन्क्रेडिबल्स' मुलांसोबत आणि आजी-आजोबांसोबत पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करी रोडच्या आमच्या चाळीत रविवारी सकाळी मुलं माझ्या खोलीपुढच्या गॅलरीत जमतात. आठवडाभरात ज्याने त्याने आपापल्या घरी एक सिनेमा बघायचा आणि रविवारी त्यावर बोलायचं, एवढाच शिरस्ता. 'द इन्क्रेडिबल्स' हा ॲनिमेशनपट दर उन्हाळी सुट्टीत असतोच, आणि त्याला एक जादा अट असते: घरातल्या आजी-आजोबांना सोबत बसवायचं. सगळ्यात जास्त मेसेज याच सिनेमाबद्दल येतात. काही आईवडिलांचे, काही आजीचा फोन घेऊन मुलांनीच पाठवलेले. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदा नीट उत्तरं लिहून ठेवते. कथेतल्या गोष्टी उत्तरांत उघड झाल्या आहेत. सिनेमा बघितला नसेल तर पहिल्या पाच प्रश्नांवर थांबा, पण चौथ्यात शेवटाचाही उल्लेख आहे हे लक्षात ठेवा.

१. हा सिनेमा नेमका कशाबद्दल आहे? नुसती मारामारी आहे का?

मारामारी आहे, पण सिनेमा आहे सक्तीने निवृत्त केलेल्या माणसांचा. एके काळी शहरात सुपरहिरो उघडपणे काम करत असतात. मग लोक त्यांच्यावर खटले भरतात, नुकसानभरपाईचा बोजा सरकारवर येतो, आणि सरकार त्यांना सांगतं की शक्ती वापरायची नाही, नाव बदलायचं, साध्या वस्तीत साधं राहायचं. पंधरा वर्षांनंतर मिस्टर इन्क्रेडिबल हा बॉब पार नावाचा विमा कंपनीतला कारकून झालेला असतो. बायको हेलन पूर्वीची इलॅस्टीगर्ल, आता घर सांभाळते. मुलगी व्हायोलेट, मुलगा डॅश, आणि तान्हा जॅक-जॅक. मुलांनाही शक्ती आहेत, पण त्या लपवायच्या असंच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. एक दिवस बॉबला गुप्त कामाचं बोलावणं येतं, तो घरी न सांगता जातो, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

२. कधीचा आहे आणि कुणी काढला?

पिक्सारचा आहे, अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००४ ला प्रदर्शित झाला. लेखन आणि दिग्दर्शन ब्रॅड बर्ड यांचं. लांबी ११५ मिनिटं, म्हणजे लहान मुलांसाठी मध्ये एक विश्रांती घ्याच. उत्कृष्ट ॲनिमेशनपट आणि ध्वनी संपादन अशी दोन ऑस्कर त्याला मिळाली, पटकथेसाठीही नामांकन होतं.

पिक्सारने त्याआधी खेळणी, किडे, मासे, राक्षस यांच्या गोष्टी केल्या होत्या. सगळी मुख्य पात्रं माणसंच असलेला त्यांचा हा पहिला सिनेमा. संगणकावर माणूस उभा करणं तेव्हा फार अवघड होतं. कातडी, कपड्यांच्या चुण्या, आणि सगळ्यात कठीण म्हणजे केस. व्हायोलेटचे लांब मोकळे केस, तोंडावर येणारे, पाण्यात भिजणारे, हे त्या काळचं मोठं काम होतं. मुलांना सांगून ठेवा, ती बरोबर केसांकडे बघत बसतात.

३. कुठल्या भाषेत बघावा? हिंदीत शाहरुख खानचा आवाज आहे हे खरं का?

खरं आहे. हिंदी आवृत्तीचं नाव 'हम हैं लाजवाब'. बॉबला शाहरुख खानचा आवाज आहे आणि डॅशला (हिंदीत तो 'तेज') त्याचा मुलगा आर्यनचा. बापलेकाच्या भूमिकेला खरोखरचे बापलेक. दुसऱ्या भागात हिंदीतली हेलन काजोलच्या आवाजात आहे.

माझं मत विचाराल तर घरात आजी-आजोबा असतील तर हिंदी मिळाल्यास हिंदीच लावा, त्यांना खालच्या ओळी वाचत बसायला लागत नाहीत. मुलं दुसऱ्यांदा बघतील तेव्हा इंग्रजीतून बघू देत, कारण सुपरहिरोंचे पोशाख शिवणाऱ्या एडना मोड या शिंपिणीचा इंग्रजी आवाज खुद्द दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांनी दिला आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. डिस्ने-पिक्सारचे सिनेमे भारतात जिओहॉटस्टारवर असतात. कुठल्या भाषा मिळतात ते तिथेच तपासा.

४. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. दाखवू का?

पाच वर्षांच्या मुलाला एकट्याला बसवू नका. माझ्या अनुभवात सात-आठ वर्षांपुढे मुलं नीट पेलतात. कार्टून म्हणजे लहानांचंच असं धरून चालू नका. अमेरिकेत 'पालकांनी सोबत असावं' हा पीजी शेरा मिळालेला पिक्सारचा हा पहिलाच सिनेमा.

कुठे सांभाळायचं ते सांगते. सुरुवातीलाच एक माणूस उंच इमारतीवरून उडी मारतो आणि बॉब त्याला हवेतच झेलतो. लहानांना ते पडणं वाटतं, पण दहा-अकराच्या मुलाला कळतं की तो माणूस मरायला निघाला होता. विचारलं तर टाळू नका. त्याला फार त्रास होत होता, अशा वेळी मदत मागायची असते, असं सरळ सांगा. (सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, ती मोठ्या मुलांना ठाऊक असलेली बरी.) मध्यावर हेलन आणि मुलं ज्या विमानात असतात त्यावर क्षेपणास्त्रं सुटतात. बॉबला ते रेडिओवर ऐकू येतं आणि सगळे गेले असं त्याला वाटतं. हा प्रसंग मोठ्यांनाही जड जातो. शिवाय आधीचे किती सुपरहिरो मारले गेले याची यादी संगणकावर दिसते, आणि शेवटी खलनायक विमानाच्या इंजिनात ओढला जातो. रक्त कुठे दिसत नाही, पण माणसं मरतात.

हेलनला नवऱ्याचा संशय येतो तो धागाही आहे. तो मुलांच्या डोक्यावरून जातो, काळजी नको.

५. दुसरा भाग आधी बघितला तर चालेल? क्रम काय?

नाही चालणार. दुसरा भाग २०१८ चा, पण पहिला जिथे संपतो त्याच क्षणी तो सुरू होतो. प्रेक्षकांची चौदा वर्षं गेली आणि डॅश तेवढाच राहिला. आधी पहिला, मग 'जॅक-जॅक अटॅक' हा छोटा लघुपट, मग दुसरा. लघुपटात काय आहे ते प्रश्न १५ मध्ये. दुसरा भाग लावण्याआधी प्रश्न १७ मात्र सर्वांनी वाचा. तिसऱ्या भागाची घोषणा २०२४ मध्ये झाली आहे.

६. आजी-आजोबांना सोबत बसवायची अट का? ते कार्टून बघत नाहीत.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि मला उत्तर द्यायला सर्वात आवडणाराही हाच आहे.

माझे बाबा कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. शेकडो धाग्यांत एक तुटला तरी त्यांची नजर तिथेच जायची, आणि गाठ मारायला पापणी लवण्याइतका वेळ लागायचा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्यामुळे माझ्या बाबांना निवृत्तीची तारीखच नाही. निरोप नाही, नारळ नाही, शाल नाही. एक दिवस पाळी भरून घरी आले, आणि पुन्हा गेले नाहीत.

पुढे ते वरळीला एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. खाकी गणवेश कापडी पिशवीत घालून न्यायचे, तिथे जाऊन बदलायचे आणि सकाळी पुन्हा पिशवीत घालून आणायचे. चाळीत कुणी विचारलं तर 'कंपनीत आहे' म्हणायचे. मी पाचवीत जाईपर्यंत मला ती पिशवी डब्याची वाटायची.

सिनेमात बॉबच्या घरी एक खोली आहे. भिंतीवर जुनी कात्रणं, काचेमागे जुना पोशाख. रात्री सगळे झोपल्यावर तो तिथे जाऊन बसतो. हा प्रसंग मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ती पिशवी आठवली. बॉब जुना पोशाख जपून ठेवत होता आणि माझे बाबा नवा लपवत होते, पण दोघांचं दुखणं एकच. जे हातात होतं ते कुणालाच नको झालं.

ज्या घरात असा माणूस नाही असं घर आमच्या वस्तीत शोधून सापडायचं नाही. बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, ज्यांना अजून सगळे बसमार्ग तोंडपाठ आहेत. छापखाना बंद पडल्यावर घरी बसलेले कंपोझिटर आहेत, उलटी अक्षरं सुलटीइतक्या वेगाने वाचणारे. खाणावळ चालवणाऱ्या आज्या आहेत, ज्यांना पन्नास माणसांच्या आमटीत मीठ किती हे हातालाच कळतं. नातवंडांना यातलं काही माहीत नसतं. त्यांच्या लेखी आजोबा म्हणजे औषधं आणि सातच्या बातम्या. म्हणून सिनेमा बघायच्या आधी नाही, बघून झाल्यावर मुलांनी एकच प्रश्न विचारायचा: 'आजोबा, तुम्हाला असं काय यायचं जे आता करत नाही?' रविवारी आम्ही सिनेमावर थोडं आणि त्या उत्तरांवर जास्त बोलतो.

७. ज्यांना वाचवलं त्यांनीच खटला कसा भरला? मुलीला हे पटतच नाही.

मोठ्यांनाही पटत नाही. पण दोन खटले वेगळे आहेत, ते वेगळे समजवा. पहिला त्या उडी मारणाऱ्या माणसाचा: त्याला वाचायचंच नव्हतं आणि झेलताना त्याला दुखापत झाली. दुसरा रेल्वेच्या प्रवाशांचा. पूल तुटलेला, गाडी धावत येते, बॉब पुढे उभा राहून ती अंगाने थांबवतो. पूल तुटला हे प्रवाशांना ठाऊक नसतं, जखमा मात्र झालेल्या असतात.

हे लोकलमध्ये उभं राहिलेल्या मुलाला लगेच कळतं. करी रोडला गाडी जरा जोरात थांबली की दांडी न धरलेला माणूस पुढच्यावर जातो. गाडी थांबली तरी अंग पुढेच जात असतं. समजा ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी दोन मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या सातपट धक्का बसेल. म्हणजे थांबवणारा कितीही चांगल्या मनाचा असो, आतल्यांची हाडं मोडणारच. आमच्याकडे नववीतल्या मुलांनी हे गणित गॅलरीच्या फरशीवर खडूने सोडवलं होतं.

मग खटला बरोबर होता का? एका मुलीने सुचवलेलं उत्तर मला आवडलं: दवाखान्याचा खर्च मागायला हवा होता, माणूस बंद करायला नको होता.

८. विमा कंपनीत बॉब चोरून लोकांना मदत करतो. हे चूक नाही का? मुलाला काय सांगू?

नीट बघा, तो खोटा कागद करत नाही, दावा फुगवत नाही. दावा नाकारला म्हणून रडकुंडीला आलेल्या म्हातारीला तो कुजबुजत सांगतो की कुठला फॉर्म भरा, कुठल्या मजल्यावर कुणाकडे न्या. म्हणजे नियम तो तिला समजावून देतो. कंपनीला राग येतो तो नेमका याच गोष्टीचा. मुलाला सांगताना मी इथेच थांबते, कारण पुढे साहेबाला भिंतींतून आरपार फेकतो ते चूकच आहे आणि त्याची नोकरी जाते.

हा प्रसंग बघून काही आज्यांनी मला खरोखरच आपल्या फायली दाखवल्या, म्हणून इथेच लिहिते. आपल्याकडे विम्याचा दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र मात्र फेकू नका, सगळं त्याच्यावर चालतं.

९. सगळे बॉबबद्दल बोलतात. हेलनचं काय?

हा प्रश्न एका आजीने पाठवला होता. तोवर मी तो विचारलाच नव्हता.

सिनेमाच्या सुरुवातीला तरुण हेलन मुलाखतीत सांगते की संसारात अडकायचा आपला अजिबात विचार नाही, जग वाचवायचं काम पुरुषांवर का सोडायचं? नंतर निवृत्ती दोघांवर सारखीच आली. पण बॉबने आपलं दुःख जपायला एक अख्खी खोली घेतली आणि हेलनला ती वेळच मिळाली नाही. बॉब कुठेतरी शक्ती वापरून उघडा पडला की बिऱ्हाड हलवायचं, नवं घर लावायचं, ते तिने. शाळेत डॅशची तक्रार आली की हेडमास्तरांपुढे जाऊन बसायचं, तेही तिने. दर बुधवारी बॉब आणि त्याचा मित्र लुशियस (बर्फ करणारा फ्रोझोन तो हाच) बोलिंगला जातो सांगून निघतात आणि गाडीत बसून पोलिसांचा रेडिओ ऐकत जुन्या दिवसांचं काम चोरून करतात. हेलनचा बुधवार कुठे आहे?

आणि प्रसंग येतो तेव्हा बघा: ती विमान चालवते, पडताना स्वतःचं पॅराशूट करून दोन्ही मुलांना सावरते, समुद्रात स्वतःची होडी करते आणि डॅशला मागे इंजिनासारखे पाय मारायला लावते. पंधरा वर्षांत तिचं काहीही विसरलेलं नसतं. माझ्या मते तो सिनेमाचा सर्वात चांगला भाग आहे. म्हणून मुलांनो, प्रश्न ६ मधला प्रश्न आजोबांना विचारून झाला की आजीला विचारल्याशिवाय उठायचं नाही. 'मी कुठे नोकरी केली?' म्हणाली तरी पुन्हा विचारा.

१०. ज्याला जी शक्ती आहे तीच का? काही अर्थ आहे का?

आहे, आणि तो दिग्दर्शकाने मुद्दाम योजलेला आहे. वडिलांनी बळकट असावं ही घराची अपेक्षा, म्हणून बॉबला ताकद. आईला एकाच वेळी दहा दिशांना ओढतात, म्हणून हेलन ताणली जाते. वयात येणाऱ्या मुलीला आपण कुणाला दिसूच नये असं वाटतं, म्हणून व्हायोलेट अदृश्य होते आणि स्वतःभोवती कवच उभारते. दहा वर्षांचा मुलगा एका जागी बसत नाही, म्हणून डॅश धावतो. तान्ह्या बाळाचं पुढे काय होईल कुणी सांगू शकत नाही; जॅक-जॅकबद्दल प्रश्न १५ पाहा.

११. एडना 'केप नको' म्हणून एवढी का ओरडते?

कारण केपमुळे, म्हणजे पाठीवर सोडलेल्या लांब कापडामुळे, मेलेल्यांची तिच्याकडे यादी आहे. एकाची क्षेपणास्त्राच्या पंखात अडकली, एकीची विमानाच्या इंजिनात ओढली गेली, एकाची लिफ्टमध्ये सापडली. सिनेमाच्या शेवटी खलनायकाचंही तेच होतं. पहिल्या तासात ऐकलेली गोष्ट शेवटी कशी फळते, हे पटकथा शिकणाऱ्यांनी बघावं.

मुंबईत हा प्रसंग लागला की बायका आपसूक ओढणीकडे बघतात. स्कूटरच्या चाकात ओढणी जाणं हा आपल्याकडचा खराखुरा अपघात आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतकं झाकण असलंच पाहिजे, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, तेच आपण साडी गार्ड म्हणून ओळखतो. दिसायला बरं नाही म्हणून ते काढून टाकणारे भाऊ आमच्या चाळीतही आहेत. त्यांना एडना दाखवा.

१२. मावशी, सिंड्रोमने तर सगळं स्वतः मेहनत करून बनवलं. जन्मतः शक्ती असलेले चांगले आणि कष्ट करणारा वाईट, असं कसं?

हा सहावीतल्या एका मुलाचा प्रश्न आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

सिंड्रोम हा सिनेमाचा खलनायक. लहानपणी त्याचं नाव बडी. तो बॉबचा भक्त असतो, स्वतः बनवलेले उडणारे बूट घालून मदतीला येतो, आणि बॉब त्याला 'मी एकटाच काम करतो' म्हणून झिडकारतो. तिथे बॉबचं चुकलंच, पुढे तो ते कबूलही करतो. पोराच्या हातात कला होती, त्याला कुणीतरी हाताशी धरायला हवं होतं. गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी बदलीवर आलेल्या पोराला जुना कामगार शिकवायचा, तसं.

पण बडी वाईट ठरतो तो मेहनतीमुळे नाही. निवृत्त माणसांना कामाचं आमिष दाखवून बेटावर बोलावतो आणि आपलं यंत्र सुधारावं म्हणून एकेकाला त्याच्याकडून मारवतो. कष्टाने कमावलेल्या माणसाला सिनेमा कमी लेखतो का, याचं उत्तर एडनाकडे बघितलं की मिळतं. एडनाला कुठलीही शक्ती नाही. बुद्धी, सुई आणि कापड. तरी सगळे सुपरहिरो तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहतात.

एक गोष्ट मात्र सिनेमा पूर्ण सोडवत नाही, असं माझं मत आहे. सिंड्रोम म्हणतो की मी माझी यंत्रं सगळ्यांना विकीन, सगळेच सुपर झाले की कुणीच सुपर राहणार नाही. सुरुवातीला गाडीत डॅश आईला जवळजवळ हेच ऐकवतो. तीच गोष्ट एकदा मुलाच्या तोंडून आणि एकदा खुन्याच्या तोंडून. यावर रविवारी भांडण होतं, होऊ द्यावं.

१३. शेवटी डॅशला पहिला येऊ देत नाहीत. मुद्दाम हरायला शिकवतात का?

शर्यतीत आईवडील प्रेक्षकांतून ओरडून त्याला दुसरा यायला सांगतात. तो पहिला आला असता तर खोटंच ठरलं असतं, कारण बाकीची मुलं आपल्या पायांनी धावत होती आणि याला जन्मतः वेग होता. शेवटचा आला असता तर पुन्हा लपणं आलं. माझ्या लेखी मुद्दा हा की वर्षभर त्याला मैदानावर पाऊल टाकू दिलं नव्हतं आणि आता तो धावतोय. तुमचं मूल चिडलं तर त्याला विचारा की डॅशचा चेहरा शेवटी कसा होता.

१४. फ्रोझोनची बायको दिसत का नाही? आणि त्याचा बर्फ संपतो कसा?

बायकोचा फक्त आवाज आहे, शेजारच्या खोलीतून येणारा. ती कधीच दिसत नाही. बर्फ तो हवेतल्या ओलाव्यापासून करतो, जळत्या इमारतीत हवा कोरडी आणि त्याच्या अंगातलं पाणीही संपलेलं, म्हणून अडतो. आमच्या मुलांचा निकाल असा की मे महिन्यातल्या मुंबईत तो कधीच अडला नसता.

१५. जॅक-जॅकला शक्ती आहे की नाही?

आहे, एक नव्हे अनेक. पण पहिल्या सिनेमात घरच्यांना ते नीट कळतच नाही. शेवटी सिंड्रोम त्याला पळवून वर नेतो तेव्हा बाळ पेटतं, धातूचं होतं, छोटा राक्षस होतं. सांभाळायला ठेवलेल्या करी नावाच्या मुलीवर त्या दिवशी काय गुदरलं ते 'जॅक-जॅक अटॅक' या २००५ च्या लघुपटात आहे. (करी रोडच्या मुलांना हे नाव फार आवडतं.) घरी दुसरं बाळ आलेल्या मोठ्या भावंडांना तो जरूर दाखवा.

१६. चाळीच्या हॉलमध्ये पडदा लावून सगळ्यांना एकदम का दाखवत नाही? गणपतीत दाखवू या का?

मनात खूप आहे, पण परवानगीशिवाय नाही. घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं. हॉलमध्ये, मंडपात, तिकीट न लावता दाखवला तरी ते सार्वजनिक प्रदर्शन होतं आणि त्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे: शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी आणि पालक एवढेच असतील तर. मंडळ किंवा सोसायटी त्यात बसत नाही. तुम्ही शिक्षक असाल तर मुख्याध्यापकांशी बोलून शाळेत जरूर करा.

ज्यांच्याकडे टीव्ही किंवा नेट नाही त्यांनी शेजारच्या घरी बसावं. आमच्या मजल्यावर तरी आजवर कुणाला दार बंद मिळालेलं नाही.

१७. माझ्या मुलीला फिट येते. तिला चालेल का?

पहिल्या भागाच्या आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, सिनेमात स्फोट आणि चमक आहेच. दुसऱ्या भागाबाबत मात्र मी ठाम आहे: डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय दाखवू नका. त्यात पडद्यावरून संमोहित करणारा खलनायक आहे आणि काही प्रसंगांत पांढरा प्रकाश सलग, वेगाने लुकलुकतो. २०१८ मध्ये प्रदर्शनानंतर अमेरिकेत थिएटरांनी त्यासाठी इशाऱ्याच्या पाट्या लावल्या होत्या. अर्धशिशीचा त्रास असलेल्या मोठ्यांनीही जपावं. ज्या मुलांना तो भाग बघता येत नाही त्यांना गोष्ट मी तोंडी सांगते, रविवारी त्यांचं काही अडत नाही.

१८. सासरे दहा मिनिटांत झोपतात. आमच्याकडे या अटीचा काही उपयोग नाही ना?

झोपू द्या, पण टीव्हीसमोरच झोपू द्या.

माझे बाबाही दोन उन्हाळे झोपले. तिसऱ्या वर्षी एडनाचा तो प्रसंग आला, ज्यात ती हेलनला नवे पोशाख दाखवते. बाळाचा आगीत जळत नाही आणि मशीनमध्ये धुता येतो, डॅशचा वेगाने घासून फाटत नाही, व्हायोलेटचा तिच्यासोबत अदृश्य होतो. बाबा जागे झाले. म्हणाले, 'मागे घे जरा.' पुन्हा बघितलं. मग माझ्या भाच्याला विचारलं, 'सूत कसलं वापरलंय ते सांगितलं का तिने?' भाचा म्हणाला, 'आजोबा, ते कार्टून आहे.' ते म्हणाले, 'कार्टून असलं म्हणून काय, कापड आहे ना?'

टीव्ही तसाच थांबलेला. त्यांनी भाच्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला उभा धागा कुठला, आडवा कुठला ते दाखवलं, काठ ओळखायला शिकवलं. मग माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढून दोन तुकडे केले आणि गाठ मारून दाखवली. भाच्याला दिसलीच नाही, इतक्या पटकन. 'पुन्हा,' तो म्हणाला. बाबांनी पुन्हा मारली. 'हळू मारा ना.' हळू त्यांना मारताच येईना, बोटं थांबेनात. शेवटी त्यांनी त्याचीच बोटं आपल्या हातात घेतली.

उरलेला सिनेमा त्यांनी अजून बघितलेला नाही.